विषाणू पेशीत शिरण्याआधी

१९५४ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम इराणमधल्या एका गावात पिसाळलेला लांडगा शिरला आणि काही तासांत त्याने २९ माणसांना फाडलं. जखमींना तेहरानच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नेण्यात आलं. त्यांच्यातल्या १८ जणांचे चावे डोक्यावर आणि चेहऱ्यावर होते, म्हणजे मेंदूपासून जेमतेम वीतभर अंतरावर. रेबीजची लस सगळ्यांनाच दिली गेली. पण डोक्याला चावे असलेल्या १३ जणांना लशीच्या जोडीला आणखी एक औषध टोचण्यात आलं. ते होतं रेबीजची लस वारंवार देऊन तयार केलेल्या जनावरांच्या रक्तातलं सीरम. नुसत्या लशीवर राहिलेल्या पाच जणांपैकी तिघं दगावली. सीरम मिळालेल्या तेरा जणांपैकी एकच.

आकडे लहान आहेत. तरीही रेबीजवरच्या उपचारांची दिशा त्यांनी बदलली. लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवायला लागतं, पण त्याला आठवडा-दोन आठवडे जातात. विषाणू तोवर थांबत नाही. जखमेतून तो मज्जातंतूत शिरतो आणि मेंदूकडे सरकत राहतो. एकदा तो मज्जातंतूत गेला की रक्तातल्या प्रतिपिंडांना तो जवळपास सापडतच नाही. सीरममधून मिळाली ती आयती प्रतिपिंडं. त्यांनी त्या मधल्या दिवसांत विषाणूला जखमेतच गाठलं.

या प्रतिपिंडांना वैद्यकात ‘न्यूट्रलायझिंग अँटिबॉडी’ म्हणतात. मराठीत त्यांना विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं म्हणता येईल. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे.

अँटिबॉडी हा शब्द आता कुणाला नवा नाही. कोविडच्या दुसऱ्या वर्षी तर लस घेतल्यावर पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन ‘अँटिबॉडी किती आल्या’ ते मोजून घेण्याची टूमच निघाली होती. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रिपोर्ट झळकत. कुणाचा आकडा अडीचशे, कुणाचा अडीच हजार. ज्याचा मोठा तो निर्धास्त, ज्याचा लहान तो काळजीत. त्या रिपोर्टमध्ये जे मोजलेलं असे ते फक्त चिकटणं. विषाणूचं एखादं प्रथिन प्लॅस्टिकच्या खाचेत बसवायचं, त्यावर माणसाचं सीरम ओतायचं, धुऊन काढायचं आणि किती प्रतिपिंडं चिकटून राहिली ते रंगावरून ताडायचं, अशी ती एलिसा तपासणी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, २०२० च्या मे महिन्यात तयार केलेली ‘कोविड कवच’ चाचणी याच जातीची होती. किती लोकांना संसर्ग होऊन गेला हे पाहण्यासाठी ती उत्तम. पण चिकटलेल्या प्रतिपिंडाने विषाणूचं काही बिघडवलं का, हा प्रश्न तिला विचारलेलाच नसतो.

तो प्रश्न विचारायची पद्धत जुनी आहे, कष्टाची आहे आणि डोळ्यांना दिसणारी आहे. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी प्रयोगशाळांत ‘व्हेरो’ नावाने ओळखल्या जातात. ताटलीच्या तळाशी त्यांचा एकच सलग थर वाढवतात. दुसरीकडे रुग्णाचं सीरम पातळ करत जातात. दहापट, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट. प्रत्येक पातळीत विषाणूची मोजून ठेवलेली मात्रा मिसळतात, ते मिश्रण तासभर राहू देतात आणि मग पेशींवर ओततात. वरून एक दाटसर थर देतात, म्हणजे विषाणू दूर वाहत न जाता शेजारच्याच पेशींत पसरतो. काही दिवसांनी ताटलीत जांभळा रंग घालतात. जिवंत पेशी रंग धरतात. जिथे विषाणूने पेशी मारल्या तिथे पांढरी भोकं दिसतात आणि ती मोजायची असतात. सीरम न घातलेल्या ताटलीत साठ भोकं असतील, तर किती पातळ केलेल्या सीरमपर्यंत ती तीस किंवा त्याहून कमी राहतात, हे त्या सीरमचं खरं बळ. रेनातो दुलबेको यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या विषाणूंसाठी ही भोकं मोजण्याची रीत बसवली. आज यंत्रं आली, चमकणारे नकली विषाणू आले, तरी वाद उभा राहिला की अखेरचा कौल याच ताटलीकडे मागितला जातो. अडचण एवढीच की तिला जिवंत विषाणू लागतो. कोविडसाठी ती बंदिस्त प्रयोगशाळेतच करावी लागते, आणि निपाहसारख्या विषाणूसाठी पुण्यात पाषाणला आहे तशा सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेत.

म्हणून ‘अँटिबॉडी आहेत का?’ हा प्रश्न अपुरा आहे. त्या विषाणूच्या कुठल्या भागाला धरतात, किती संख्येने धरतात आणि विषाणू पेशीत शिरायच्या आधी पोहोचतात का, यावर सगळं ठरतं. या तिन्हींपैकी एक चुकलं तर काय होतं याची उदाहरणं वैद्यकाच्या इतिहासात भरपूर आहेत आणि ती यशाच्या कथांपेक्षा जास्त शिकवतात.

इतिहास सुरू होतो तो विषाणूपासून नव्हे, विषापासून. १८९० मध्ये बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की धनुर्वाताचं विष थोडं थोडं पचवलेल्या सशाचं सीरम दुसऱ्या प्राण्याला दिलं, तर त्या प्राण्याला धनुर्वाताचं विष बाधत नाही. घटसर्पाबाबतही तेच. वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये बेहरिंग यांना मिळालं ते या सीरम उपचारासाठी. विषाणूची पाळीही लवकरच आली. १८९२ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टर जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी देवीची लस टोचून बऱ्या झालेल्या वासराचं सीरम लशीच्या द्रवात मिसळलं आणि त्या द्रवाचा जोर गेला. विषाणू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं.

ससा लहान. माणसांना पुरेल एवढं सीरम काढायचं तर घोडाच हवा. पुढची पाऊणशे वर्षं हे औषध तबेल्यात तयार झालं. त्यात धोकाही होता. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात जिम नावाच्या घोड्याला धनुर्वात झाला. त्याचं आधीच काढून ठेवलेलं सीरम घटसर्पावर वापरलं गेलं आणि १३ मुलं दगावली. अमेरिकेत जैविक औषधांवर नियंत्रण ठेवणारा पहिला कायदा त्यानंतरच्या वर्षी आला, तो बऱ्याच अंशी या घटनेमुळे. सगळं नीट झालं तरी घोड्याचं प्रथिन माणसाच्या शरीराला परकंच. सीरम घेतल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पित्त उठणं हे नेहमीचं होतं.

या घोड्यांचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. परळच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी घोडे लागत, आणि पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथे जात. घोडे आपले, मग सीरमही आपणच का बनवू नये, या व्यवहारी विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये कंपनी काढली आणि तिच्या नावातच ‘सीरम’ ठेवलं. आज जग तिला लशींसाठी ओळखतं.

तबेल्यातून सुटका व्हायला १९७५ उजाडावं लागलं. त्या वर्षी केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड बनवणारी एक पेशी घेऊन तिचा कर्कपेशीशी संकर केला. कर्कपेशी मरत नाही, त्यामुळे संकरित पेशी अखंड वाढत राहिली आणि एकाच साच्याचं प्रतिपिंड हवं तेवढं देत राहिली. हीच मोनोक्लोनल प्रतिपिंडं. औषधांच्या नावाअखेर ‘मॅब’ दिसलं की ती या वंशातली समजावीत.

निष्प्रभ करणं म्हणजे नेमकं काय घडतं? प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं एक प्रथिन असतं, साधारण दहा नॅनोमीटरचं. कोरोनाचा विषाणू शंभर नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रतिपिंड काही फार लहान नाही. ते विषाणूच्या काट्यावर बसलं की तिथे बरीच जागा अडते. वायच्या दोन हातांची टोकं पकड घेतात. पेशीवरच्या ज्या रेणूला धरून विषाणू आत शिरतो, त्याला भिडणाऱ्या भागावरच पकड बसली तर विषाणू पेशीला चिकटतच नाही. कोविडवरची बहुतेक प्रभावी प्रतिपिंडं हेच करत. काही प्रतिपिंडं विषाणूला चिकटू देतात, पण पुढची पायरी, म्हणजे विषाणूचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळणं, रोखून धरतात. काही दोन हातांत दोन वेगवेगळे विषाणू धरून त्यांचे पुंजके करतात. क्वचित कामगिरी पेशीच्या आतही घडते. केंब्रिजमध्ये लिओ जेम्स यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवलं की प्रतिपिंड अंगावर घेऊनच पेशीत शिरलेल्या अॅडिनोव्हायरसला पेशीतलं ट्रिम-२१ हे प्रथिन ओळखतं आणि त्याचा निकाल लावायला लावतं. वायचा तिसरा पाय इतर पांढऱ्या पेशींना बोलावण्याचं काम करतो. ते महत्त्वाचं आहे, पण त्याला निष्प्रभ करणं म्हणत नाहीत.

पकड चुकीच्या जागी बसली तर काय होतं, याचं सर्वांत कटू उदाहरण आरएसव्ही या विषाणूचं. तान्ह्या मुलांच्या छातीत कफ भरण्याचं, धाप लागण्याचं हे मोठं कारण. १९६० च्या दशकात अमेरिकेत त्यावर लस केली. पद्धत तीच, पोलिओवर साल्क यांनी यशस्वी केलेली. विषाणू फॉर्मलिनने मारायचा आणि टोचायचा. बाळांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर आली. मग हिवाळा आला आणि खरा विषाणूही. एका चाचणीत लस घेतलेल्या आणि संसर्ग झालेल्या बाळांपैकी ८० टक्के रुग्णालयात दाखल झाली. लस न घेतलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. दोन बाळं दगावली. प्रतिपिंडं होती, चिकटतही होती, पण विषाणूला रोखत नव्हती. उलट त्यांनी आणि त्यांच्याबरोबर भडकलेल्या दाहाने फुफ्फुसांचं नुकसान वाढवलं. त्यानंतर आरएसव्हीच्या लशीला कुणी लवकर हात लावेना.

कारण कळायला जवळपास अर्धं शतक लागलं. आरएसव्ही पेशीत शिरतो तो ‘एफ’ नावाच्या प्रथिनाच्या जोरावर. विषाणूवर हे प्रथिन ताणून लावलेल्या उंदराच्या सापळ्यासारखं बसलेलं असतं. पेशीला भिडताच ते सुटतं, लांब होतं आणि दोन आवरणं एकत्र ओढतं. एकदा सुटलं की परत लागत नाही. फॉर्मलिनच्या लशीतल्या विषाणूंवरची बहुतेक एफ प्रथिनं आधीच सुटलेली होती. शरीराने त्या सुटलेल्या रूपाविरुद्ध प्रतिपिंडं बनवली, आणि विषाणू येतो तो ताणलेलं रूप घेऊन. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांनी डी-२५ या प्रतिपिंडाच्या मदतीने ताणलेल्या रूपाची त्रिमिती रचना टिपली. ताणलेल्या एफच्या अगदी टोकाशी एक जागा होती. सर्वांत जोरदार प्रतिपिंडं तिथे बसत होती आणि सुटल्यावर ती जागाच नाहीशी होत होती. मग एफला ताणलेल्या रूपातच जखडून ठेवणारे बदल शोधले गेले. २०२३ मध्ये मान्य झालेल्या आरएसव्हीच्या लशी त्यातून निघाल्या.

याच मंडळींनी पुढे कोरोनाच्या स्पाइकवर, म्हणजे काट्याच्या प्रथिनावर, तोच हिशेब लावला. दोन जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल घातलं की स्पाइक ताणलेल्या रूपात टिकतं, हे २०१७ पर्यंत मर्सच्या विषाणूवर त्यांना कळून चुकलं होतं. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत ती दुरुस्ती होती. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशील्डमध्ये नव्हती, तरी तिनेही निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार केलीच.

संख्येचा मुद्दा डेंग्यूत जिवावर बेततो. डेंग्यूच्या एका विषाणूवर ‘ई’ प्रथिनाच्या १८० प्रती असतात. त्याच कुळातल्या वेस्ट नाइल विषाणूवरच्या प्रयोगांत दिसलं की जोरदार प्रतिपिंड असलं तरी साधारण तीस जागा व्यापल्याशिवाय विषाणू निष्प्रभ होत नाही. त्याहून कमी प्रतिपिंडं बसली तर? काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडाचा तो तिसरा पाय धरून त्याला गिळतात, आणि डेंग्यूच्या विषाणूला नेमकं त्याच पेशींत वाढायचं असतं. अपुरी प्रतिपिंडं त्याला हव्या त्या ठिकाणी स्वतःच्या खांद्यावरून नेऊन पोहोचवतात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याला धरतात खरी, पण पुरेशी नाही. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. स्कॉट हॅल्स्टेड यांनी हा धोका अनेक दशकं मांडला होता. तरी २०१६ मध्ये फिलिपिन्सने आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस दिली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही अशांत ही लस पुढचा डेंग्यू तीव्र करू शकते. मोहीम थांबली आणि त्या देशात इतर लशींवरचा विश्वासही उडाला.

रेबीजबाबत जागेचा प्रश्न शब्दशः जागेचा आहे. महाराष्ट्रात एके काळी कुत्रा चावला म्हटलं की पोटातली चौदा इंजेक्शनं आठवत. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस आता इतिहासजमा झाली. नव्या लशी दंडात दिल्या जातात. पण खोल चावा असेल तर लशीइतकंच महत्त्वाचं असतं ते सीरम, आणि ते द्यायचं असतं जखमेत. आधी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची. मग जखमेच्या कडांतून आणि तळातून सीरम भिनवायचं, मावेल तेवढं. घोड्याच्या सीरमची मात्रा वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तातून काढलेल्याची २०. चावा बोटाला असेल तर डॉक्टरची परीक्षाच असते. बोटात जागा नसते, सुई जाताना जीव कळवळतो आणि जास्त दाबलं तर रक्तपुरवठाच तुटण्याची भीती असते. अनेक ठिकाणी मग सोपा मार्ग निघे, उरलेलं सीरम कमरेत टोचायचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत तो मार्ग सोडायला सांगितलं. कमरेत टोचलेलं प्रतिपिंड सगळ्या रक्तात पातळ होतं आणि जखमेपर्यंत पोहोचतं ते नावापुरतं. लशीच्या पहिल्या डोसाला सात दिवस उलटून गेल्यावर सीरम देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात.

या सीरमचा तुटवडा नेहमीचा, महागाईही. त्यावर उत्तर पुण्यातून आलं. सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्ससोबत तयार केलेलं मोनोक्लोनल प्रतिपिंड २०१७ मध्ये ‘रॅबीशील्ड’ नावाने बाजारात आलं. त्याची मात्रा किलोला ३.३३ युनिट. पाठोपाठ झायडसचं ‘ट्विनरॅब’ आलं. त्यात एक नाही, दोन प्रतिपिंडं आहेत, विषाणूच्या दोन वेगळ्या जागा धरणारी. एकाच्या जागी विषाणूत बदल झालाच तर दुसरं असावं, हा त्यामागचा हेतू.

हा हेतू किती रास्त आहे ते कोविडने दाखवलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना दिलेलं प्रतिपिंडांचं मिश्रण मे २०२१ मध्ये भारतात आलं, एका डोसाला ५९,७५० रुपये. ज्यांना परवडलं त्यांनी ते घेतलं आणि वेळेवर घेतलेल्यांना त्याचा उपयोगही झाला. नोव्हेंबरमध्ये ओमिक्रॉन आला. स्पाइकवरच्या ज्या जागा ही प्रतिपिंडं धरत, नेमक्या त्याच बदललेल्या. काही आठवड्यांत अब्जावधी डॉलरचं औषध निरुपयोगी झालं. २००३ च्या सार्समधून बऱ्या झालेल्या एका माणसाच्या रक्तातून शोधलेलं सोट्रोव्हिमॅब थोडं जास्त टिकलं, कारण ते विषाणूला सहज बदलता न येणारी जागा धरत होतं. पण ओमिक्रॉनच्या पुढच्या उपप्रकाराने त्यालाही चकवलं.

आता वेळेचा मुद्दा, आणि इथे अर्जेंटिनाला श्रेय द्यायला हवं. तिथल्या पंपा नावाच्या मैदानी शेतीभागात जुनिन नावाच्या विषाणूमुळे होणारा रक्तस्रावी ताप पसरत असे. हुलियो माइस्तेगी यांनी बऱ्या झालेल्या लोकांचा प्लाझ्मा देऊन पद्धतशीर चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत असा प्लाझ्मा मिळालेल्यांत मृत्यू १.१ टक्के, साधा प्लाझ्मा मिळालेल्यांत १६.५ टक्के. उशिरा दिला तर फायदा नाही. पुढे तिथे मात्रा मिलिलिटरमध्ये न ठरवता त्या प्लाझ्मात विषाणूला निष्प्रभ करण्याची ताकद किती, यावरून ठरवली जाऊ लागली. एवढी साधी गोष्ट, पण चाळीस वर्षांनी जग ती विसरलं.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मोबाइलवर दर पाच मिनिटांनी प्लाझ्मासाठी कुणाची तरी आर्त विनंती येत होती. बहुतेक रुग्ण तोवर ऑक्सिजनवर गेलेले असत. म्हणजे वरातीमागून घोडं. भारतातल्या ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर झालेल्या ‘प्लासिड’ चाचणीने आदल्या वर्षीच दाखवलं होतं की प्लाझ्मा देऊन मृत्यू किंवा प्रकृती खालावणं कमी होत नाही. त्या चाचणीत दिलेल्या प्लाझ्मात निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं बऱ्याचदा थोडीच होती, कारण बरेच दाते सौम्य आजारातून उठलेले होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मे २०२१ मध्ये प्लाझ्मा भारतीय मार्गदर्शिकेतून काढला गेला. तिकडे अर्जेंटिनात १६० वृद्धांवरच्या चाचणीत लक्षणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत भरपूर प्रतिपिंडं असलेला प्लाझ्मा दिला, तर श्वसनाचा गंभीर त्रास ३१ टक्क्यांवरून १६ वर आला. तीच कल्पना, फक्त मोजून आणि वेळेत. भारतातल्या घरोघरच्या धावपळीला दोष देण्यात अर्थ नाही. माणूस बुडत असताना कुणी मोजमाप करत बसत नाही. पण दात्याच्या प्लाझ्माचं बळ आधी मोजण्याची व्यवस्था नव्हती, ही उणीव मात्र यंत्रणेची होती.

इबोलाची गोष्ट याहून लांबलचक. १९९५ मध्ये काँगोतल्या किक्विट शहरात साथ असताना झ्याँ-झाक मुयेंबे यांनी बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना चढवलं. त्यांच्यातले सात वाचले. परदेशी तज्ज्ञांनी त्याला पुरावा मानलं नाही, आणि एका अर्थी ते बरोबरही होतं. त्यांच्यासोबत तुलना करायला दुसरा गटच नव्हता. पण त्याच साथीतून वाचलेल्या एकाच्या रक्तात अकरा वर्षांनंतरही जोरदार प्रतिपिंडं सापडली, आणि त्यांतलं एक औषध झालं. २०१८-१९ मध्ये काँगोतच ६८१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत झेडमॅप हे आधीचं प्रतिपिंडांचं मिश्रण मिळालेल्यांत जवळपास ५० टक्के मृत्यू होत असताना या एकट्या प्रतिपिंडाने ते ३५ वर आणले, आणि दुसऱ्या एका मिश्रणाने साडेतेहतीसवर. रक्तात विषाणू कमी असतानाच जे आले त्यांच्यात मृत्यू दहा टक्क्यांच्या आसपास होते. चाचणी चालवणाऱ्यांत मुयेंबेही होते.

पुढच्या प्रकरणांत यातल्या बऱ्याच गोष्टी सविस्तर येतील. एचआयव्हीच्या अंगावर जेमतेम चौदाएक काटे का असतात आणि त्यामुळे प्रतिपिंडांची दुहेरी पकड का फसते, केरळात निपाहसाठी ऑस्ट्रेलियातून प्रतिपिंड का मागवावं लागलं, हे तिथे पाहता येईल. इथे एका अशा प्रसंगाचा उल्लेख करायला हवा जिथे हीच प्रतिपिंडं आड येतात.

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने त्याला राखतात. गोवरची लस म्हणजे जिवंत, पण दुबळा केलेला गोवराचा विषाणू. बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडं असताना ती टोचली तर प्रतिपिंडं त्या विषाणूलाही निष्प्रभ करतात, आणि लस वाया जाते. म्हणून आपल्याकडे पहिला डोस नऊ महिन्यांनी. पण ज्या आयांना स्वतः गोवर झालेला नाही, लहानपणी लस मिळाली आहे, त्यांची प्रतिपिंडं मुळातच कमी असतात आणि बाळाच्या रक्तातून लवकर ओसरतात. त्यांची मुलं सहाव्या-सातव्या महिन्यातच उघडी पडू लागतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडीपासून मुंबईभर गोवर पसरला, तेव्हा केंद्र सरकारने सूचना काढली. ज्या भागात गोवराच्या रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळं दहा टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही लस द्यावी. आईची प्रतिपिंडं त्यांतल्या किती जणांची लस वाया घालवतील हे टोचणाऱ्या नर्सला कळण्याचा मार्ग नव्हता. त्यामुळे तो डोस वेळापत्रकात धरायचा नाही, असंही ठरलं. नऊ महिने भरले की त्या बाळांना नेहमीचा पहिला डोस पुन्हा द्यायचा होता.